भाड्यासाठीं घर घेतांना

आपल्या मध्यम स्थितींतील लोकांचा घरावर जितका विश्वास असतो तितका दुसऱ्या कोणत्याहि मालमत्तेवर नसतो. रोख्यांचे भाव उतरतात, सोनें चोरीस जातें. पण दगडाविटांचें घर कोठें जाणार, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. हा विश्वास अगदींच खोटा आहे असें नाहीं. परंतु राहण्यासाठीं घेतलेलें घर आणि भाड्यानें देण्यासाठीं घेतलेलें घर यांत महदंतर आहे, आणि तें लक्षांत न घेतल्यामुळें कित्येक सुशिक्षित कुटुंबें अडचणींत येतात. पहिलें घर ही गरज. दुसरें घर हा उदीम. गरजेंत मन गुंतलें तर चालतें; उदिमांत वही लागते.

गेल्या वर्षींची गोष्ट सांगतों. आमच्या शेजारीं एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. घरांत ते, त्यांच्या पत्नी, दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडें, आणि मुख्याध्यापकांच्या वडील भगिनी. त्यांना सारें घर आत्या म्हणतें. तरुणपणींच वैधव्य आल्यामुळें त्या माहेरीं आल्या आणि भावाचा संसार त्यांनीं आपला मानला. मुख्याध्यापकांस निवृत्तीच्या वेळीं फंड व ग्रॅच्युइटी मिळून ३५ लाख रुपये मिळाले होते. माझें सारें आयुष्य हिशेबाच्या कामांत गेलें असल्यामुळें एके दिवशीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर मला सल्ल्यासाठीं बोलावणें आलें.

थोरल्या मुलानें कोथरूडच्या बाजूस सातआठ वर्षांपूर्वींची एक दोन शयनगृहांची सदनिका पाहून ठेविली होती. किंमत ६० लाख. तो मोठ्या उमेदीनें सांगत होता, “काका, सोपा हिशेब आहे. थोडे बाबांचे पैसे, थोडें माझ्या नांवावर कर्ज. भाड्यांत हप्ता फिटत जाईल आणि वीस वर्षांनीं घर फुकटांत आपलें!”

आत्याबाई कोपऱ्यांत बसून उद्यांची भाजी निवडीत होत्या. त्यांनीं मान वर न करतांच विचारलें, “अरे, पण घर चार महिने रिकामें राहिलें तर हप्ता कोणीं भरायचा? आणि त्याच महिन्यांत तुझ्या बाबांना इस्पितळांत न्यावें लागलें तर?”

या प्रश्नास कोणाजवळहि उत्तर नव्हतें. त्या रात्रीं मीं जो हिशेब मांडला तो येथें देतों. कारण थोड्याफार फरकानें तो पुष्कळ घरांस लागू पडेल.

सदनिकेची किंमत ६० लाख. पुणें शहरांत मुद्रांकशुल्क सर्व अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणीची फी किंमतीच्या १ टक्का, पण जास्तींत जास्त ३० हजार. रंग, विजेच्या तारा, न्हाणीघर यांची डागडुजी ३ लाख. वकील, दलाल व किरकोळ खर्च ५० हजार. एकूण ६८ लाख. पैकीं बँकेचें कर्ज ४० लाख धरलें तर घरची रक्कम २८ लाख. म्हणजे मुख्याध्यापकांच्या जन्माच्या पुंजींतून उरतात अवघे ७ लाख.

आतां उत्पन्नाची बाजू. मासिक भाडें १८ हजार. वर्षांतून एक महिना घर रिकामें राहील असें धरणें शहाणपणाचें. म्हणजे वर्षाची जमा १ लाख ९८ हजार. त्यांतून सोसायटीचा देखभालखर्च ३० हजार, घरपट्टी १२ हजार, आणि दुरुस्तीसाठीं एका महिन्याचें भाडें १८ हजार बाजूस काढलें कीं हातीं राहतात १ लाख ३८ हजार. ६८ लाखांवर हें उत्पन्न दरसाल २ टक्क्यांच्या आसपास पडतें. उलट ४० लाखांचें कर्ज साडेआठ टक्के व्याजानें वीस वर्षांत फेडावयाचें तर मासिक हप्ता होतो ३४ हजार ७१३ रुपये. वर्षाचे सुमारें ४ लाख १६ हजार. म्हणजे भाडें येऊनहि घरांतून दरमहा २३ हजारांवर रक्कम घालावी लागणार. वीस वर्षांत बँकेस एकंदर ८३ लाखांहून अधिक जाणार. पहिल्याच हप्त्यांतील २८ हजारांवर रक्कम नुसत्या व्याजांत जाते!

“पण भाडें वाढत जाईल ना?” मुलानें विचारलें. शंका रास्त होती, म्हणून तोहि हिशेब केला. भाडें व खर्च दोन्ही दरसाल ५ टक्क्यांनीं वाढत गेले असें धरलें, तरी विसाव्या वर्षीं हातीं राहणारी रक्कम साडेतीन लाखांपर्यंतच पोंचते. हप्त्यास ती कर्ज फिटेपर्यंत गांठीत नाहीं. किंमत वाढेल हें खरें असेल. परंतु भाडें हें उत्पन्न आहे आणि किंमत वाढणें ही आशा आहे. आशेवर घर घेतां येतें. हप्ता मात्र आशेनें फिटत नाहीं.

मालकी म्हणजे उत्पन्न, ही समजूत आपल्या लोकांस पूर्वींहि एकदां महाग पडली आहे. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतून कित्येक घरांनीं वाडे बांधून बिऱ्हाडें ठेविलीं होतीं. १९४७ सालच्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें त्याच्याशीं पुढचीं भाडीं बांधून टाकलीं. युद्धानंतरच्या टंचाईंत बिऱ्हाडकरूंस आसरा देण्यासाठीं तें करणें त्या वेळीं प्राप्तच होतें. पण तें बंधन पन्नास वर्षें टिकलें. मिळणाऱ्या भाड्यांत कौलें चाळण्याचाहि खर्च निघेना. मालक हताश, भाडेकरू दुरुस्तीविना, आणि वाडा दोघांच्याहि देखत खचत चाललेला, असें दृश्य पुण्यांत घरोघर दिसे. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी अवास्तव ठरविल्या, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलांत आला. त्यानें जुन्या भाड्यांत दरसाल ४ टक्के वाढ करण्यास मुभा दिली. परंतु मूळ भाडेंच जेथें पन्नाससाठ रुपये, तेथें ४ टक्क्यांनीं काय होणार? म्हणून जुने भाडेकरू असलेली मिळकत स्वस्त मिळते एवढ्यासाठीं ती उत्पन्नाच्या हेतूनें कधींहि घेऊं नये.

आतां कर्जाविषयीं. बँका घराच्या किंमतीचा किती भाग कर्जाऊ देऊं शकतात याची मर्यादा रिझर्व्ह बँकेनें घालून दिली आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जास किंमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, आणि त्यापुढें ७५ टक्के. सामान्यतः मुद्रांकशुल्क व नोंदणी या किंमतींत धरीत नाहींत. ती रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. परंतु बँक देते तितकें कर्ज घ्यावेंच असा नियम नाहीं. माझ्या मतें भाड्याच्या घरासाठीं कर्ज इतकेंच असावें कीं, खर्च वजा जातां उरणारें भाडें हप्त्याचा निदान अर्धा भार उचलील, आणि उरलेला अर्धा भार घरांतील एकाची नोकरी गेली तरी दुसऱ्यास पेलेल. शिवाय सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम ठेवींत बाजूस असल्यावांचून करारावर सही करूं नये. हल्लींचे व्याजाचे दर बहुधा बदलते असतात. वरच्या उदाहरणांत दर १ टक्क्यानें वाढला तर हप्ता दरमहा अडीच हजारांहून अधिक वाढतो. बदलत्या दराचें गृहकर्ज व्यक्तीनें मुदतीपूर्वीं फेडल्यास बँकेस दंड आकारतां येत नाहीं. तेव्हां बोनस किंवा थकबाकी हातीं आली कीं ती मुद्दलांत भरावी. आणि निवृत्त माणसाची पुंजी? तिचा निम्म्याहून अधिक भाग भिंतींत कधींहि घालूं नये. आजारपणांत भिंतीची एक वीट विकतां येत नाहीं.

प्राप्तिकराचा मोह दाखवून घर विकणारे पुष्कळ भेटतात. त्यांतील खरें एवढेंच. भरलेली घरपट्टी भाड्यांतून वजा होते, उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट सूट मिळते, आणि कर्जाचें व्याजहि वजा करतां येतें. परंतु व्याज भाड्याहून अधिक होऊन तोटा आला, तर तो पगारांतून वजा करण्याची सोय नव्या करपद्धतींत नाहीं. जुन्या पद्धतींतहि तिला वर्षास २ लाखांची मर्यादा आहे. कर वांचतो म्हणून घर घेणें म्हणजे सवलत मिळते म्हणून नको असलेला शालू घेण्यासारखें आहे.

जागा निवडतांना आपली आवड बाजूस ठेवावी. आपल्याला राहावयाचें नाहीं. राहणाराच्या पायांनीं चालून पाहावें. महाविद्यालय, इस्पितळ, कचेऱ्या, बसचा थांबा किती अंतरावर आहेत? त्याच इमारतींत सध्यां किती घरें रिकामीं आहेत? त्यांचें खरें भाडें किती? हें दलालास न विचारतां पहारेकऱ्यास व तेथील बिऱ्हाडकरूंस विचारावें. आणि जागा एकदां तरी भर पावसाळ्यांत पाहावी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकाठच्या पेठांची जी दैना झाली तिची आठवण जुन्या पुणेकरांस सांगावयास नको. अगदीं अलीकडे, सप्टेंबर २०१९ मध्यें, एका रात्रींत आंबिल ओढ्याचें पाणी कित्येक सोसायट्यांत शिरलें. ओढा उन्हाळ्यांत दिसत नाहीं, पण आपली वाट विसरतहि नाहीं.

कागदपत्रांच्या बाबतींत भीड धरूं नये. ओळखीचा विक्रेता असला तरी निदान तीस वर्षांच्या नोंदींचा शोध वकिलाकडून करून घ्यावा. दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील सूची क्रमांक दोन, सातबाराचा उतारा किंवा मिळकतपत्रिका, मंजूर नकाशा, भोगवटा-प्रमाणपत्र, सोसायटीचें भागपत्र व थकबाकी नसल्याचा दाखला, आणि इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नांवें झाली आहे कीं अजून बांधकाम करणाराच्याच नांवें आहे, हें सारें डोळ्यांनीं पाहावें. मिळकत वडिलोपार्जित असेल तर विकणाराच्या बहिणींच्या सह्या आहेत कीं नाहींत हें अवश्य तपासावें. महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि साऱ्या देशांत २००५ सालीं मुलींस एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलग्यांप्रमाणें जन्मसिद्ध हिस्सा मिळाला आहे. “बहिणी कांहीं म्हणणार नाहींत,” या तोंडी आश्वासनावर घेतलेलीं घरें कोर्टांत वर्षानुवर्षें अडकून पडतात. आणि बहिणींचा हक्क डावलून घेतलेलें घर नीतीच्या दृष्टीनेंहि लाभावयाचें नाहीं. किंमत ५० लाख वा अधिक असेल तर १ टक्का कर विक्रेत्याच्या रकमेंतून कापून सरकारांत भरण्याची जबाबदारी घेणाराची असते, हेंहि पुष्कळांस ठाऊक नसतें.

बांधकाम चालू असलेल्या इमारतींत जागा घ्यावयाची असेल तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा आधार आहे. प्रकल्पाची नोंद महारेराकडे आहे कीं नाहीं तें प्रथम पाहावें. करार नोंदविल्याशिवाय बांधकाम करणारास किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकीं ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यांत ठेवावे लागतात. आणि ताबा दिल्यापासून पांच वर्षांत बांधकामाचा दोष निघाल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. दर नेहमीं चटई-क्षेत्रावर विचारावा. तथापि भाड्यासाठीं घेणारानें तयार घरच घ्यावें असें मला वाटतें. अपुऱ्या घराचा हप्ता सुरू होतो, भाडें मात्र सुरू होत नाहीं. शिवाय त्यावर वस्तु-सेवा-कर पडतो, जो पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर पडत नाहीं.

घर कोणाच्या नांवें घ्यावें, हा एकत्र कुटुंबांत नाजूक प्रश्न. स्त्रियांच्या नांवें निवासी घर घेतल्यास मुद्रांकशुल्कांत १ टक्का सवलत आहे, आणि ती घेण्यास हरकत नाहीं. पण नांव हें सवलतीसाठीं नसून हक्कासाठीं असतें. कोणीं किती पैसे घातले, हप्ता कोण देणार, भाडें कोणास मिळणार, आणि पुढें विकलें तर वाटणी कशी, हें चार ओळींत लिहून सर्वांनीं सह्या कराव्या. प्रेम आहे तोंवरच लिहून ठेवावें. तें आटल्यावर लिहूं म्हटलें तरी कोणी लिहूं देत नाहीं.

घर ताब्यांत आलें कीं बहुतेक लोक आधीं रंगाऱ्यास बोलावतात. हा क्रम उलटा आहे. प्रथम पाणी अडवावें. गच्चीवरून किंवा वरच्या न्हाणीघरांतून ओल येत असेल तर तिचें मूळ बंद केल्याशिवाय भिंतीस लावलेला रंग पहिल्याच पावसांत पोपडे धरतो. दुसरें काम नळ व सांडपाण्याचे पाइप. जुने लोखंडी पाइप आंतून गंजलेले असतात, ते फरशी उखडलेली असतांनाच बदलावे. तिसरें काम विजेच्या तारांचें. जुन्या तारांवर आजचीं यंत्रें चालत नाहींत, आणि धक्क्यापासून वांचविणारा स्वयंचलित खटका अवश्य बसवावा. चौथें दारें-खिडक्या. रंग सर्वांत शेवटीं. स्वयंपाकघरांत ओटा धड, मोरीचा उतार बरोबर आणि मांडणीस जागा एवढें असलें कीं पुरे. इटालियन फरशी घातल्यानें भाडें वाढत नाहीं. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर तिच्या मजबुतीची तज्ज्ञाकडून तपासणी झाल्याचा दाखला सोसायटीकडे मागावा. तो नसेल तर पुढें येणाऱ्या मोठ्या वर्गणीचा अंदाज धरूनच किंमत बोलावी. कामाचे दर लेखी घ्यावेत, पैसे कामाच्या टप्प्यांनीं द्यावेत, आणि अंदाजाच्या वर निदान पांचवा हिस्सा हातांत ठेवावा.

राहिला भाडेकरू. तो मित्राचा भाचा असो वा अनोळखी असो, लेखी करार करून तो नोंदवावाच. १९९९ च्या कायद्यानें ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, आणि नोंद नसल्यास अटींविषयीं भाडेकरू जें सांगेल तें, मालकानें उलट सिद्ध करीपर्यंत, खरें धरलें जातें. लिव्ह अँड लायसन्सच्या पद्धतीनें मुदतबंद करार करावा. मुदत संपल्यावर ताबा मिळविण्याचा मार्ग त्यांत सुलभ आहे. सदनिका भाड्यानें दिली म्हणून सोसायटीस बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक लावतां येत नाहीं, हेंहि ठाऊक असावें. मात्र कायद्याइतकीच माणुसकी उपयोगीं पडते. नळ गळतो असा निरोप येतांच दुसऱ्या दिवशीं माणूस पाठवावा. अनामत रक्कम जातांना कुरबूर न करतां परत द्यावी. दोन हजार अधिक देणाऱ्या अनोळखी माणसासाठीं चांगलें बिऱ्हाड घालविणाराचें घर महिनाभर रिकामें राहिलें कीं वर्षाचा बहुतेक जास्तीचा फायदा तेथेंच संपतो.

असो. मुख्याध्यापकांच्या घरीं पुढें काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करतों. ती ६० लाखांची सदनिका त्यांनीं घेतली नाहीं. थोरला मुलगा आठ दिवस रुसला. मग त्यानें स्वतःच वही घेतली आणि चार महिने जागा पाहात हिंडला. शेवटीं एका मोठ्या इस्पितळापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, जुन्या पण धड इमारतींत, एक शयनगृहाची सदनिका मिळाली. दुरुस्ती व साऱ्या खर्चासह ती ३७ लाखांस पडली. कर्ज १५ लाख, पंधरा वर्षांचें. हप्ता १४ हजार ७७१ रुपये. भाडें १५ हजार. सर्व खर्च जातां दरमहा साधारण साडेचार हजार घरांतून घालावे लागतात, ते दोघे भाऊ निम्मेनिम्म देतात. वडिलांचे १३ लाख ठेवींत शाबूत आहेत. निम्म्याहून अधिक पुंजी भिंतींत गेलीच, आणि त्याबद्दल मी कुरकुर केली हेंहि कबूल करतों. पण आत्याबाईंचा प्रश्न आतां निरुत्तर राहिला नाहीं.

त्या घराची वही आत्याबाईंकडेच आहे. इस्पितळांत काम करणाऱ्या दोन परिचारिका तेथें राहतात. परवां मीं ती वही सहज उघडून पाहिली. पहिल्या पानावर पहिली नोंद भाड्याची असेल असें मला वाटलें होतें. ती होती नळदुरुस्तीची, ७०० रुपये खर्चाची. त्यांना मीं तसें विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, “अहो, खर्च आधीं झाला, जमा मागाहून आली. जसें झालें तसें लिहिलें.”